कार्बन तंतूंचे कापड : प्रकार व निवड यांचा इतिहास

कार्बन तंतूंचे कापड : नव्वद टक्क्यांहून अधिक कार्बन असलेल्या आणि सु. ५ ते १० मायक्रॉन व्यासाच्या अखंड तंतूंच्या जुड्या विणून, शिवून अथवा एकमेकींलगत बसवून तयार केलेल्या पटास ‘कार्बन तंतूंचे कापड’ म्हणतात. हे कापड नुसते क्वचितच वापरले जाते. एपॉक्सीसारख्या रेझिनात ते भिजवून, साच्यावर थरावर थर रचून व उष्णता आणि दाब देऊन ते घट्ट केले म्हणजे पोलादापेक्षा पुष्कळ हलका आणि तंतूंच्या दिशेने अतिशय बळकट असा संमिश्र पदार्थ मिळतो. विमाने, रॉकेटे, शर्यतीच्या मोटारगाड्या, पवनचक्क्यांची पाती, कृत्रिम अवयव, क्रीडासाहित्य तसेच जुन्या पुलांचे व इमारतींचे दृढीकरण यांसाठी त्याचा उपयोग होतो.

विशिष्ट कामासाठी कोणते कापड घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता सूचिपत्रातील आकडे पाहून सुटण्याजोगा वाटतो. परंतु तंतू, त्या तंतूचे कापड आणि त्या कापडापासून केलेली वस्तू या तिहींचे गुणधर्म वेगवेगळे असतात. हा भेद तंत्रज्ञांच्या ध्यानी येण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी मोठी किंमतही मोजावी लागली. आज प्रचारात असलेल्या कापडाच्या प्रत्येक प्रकारामागे पूर्वीच्या एखाद्या उणिवेचा अनुभव आहे. त्यामुळे निवडीची तत्त्वे समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे या कापडाचा इतिहास पाहणे होय.

पूर्वेतिहास : कार्बनाच्या तंतूचा पहिला व्यावहारिक उपयोग बळकटीसाठी झालेला नसून प्रकाशासाठी झाला. इंग्लंडमध्ये जोझेफ स्वान व अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी १८७९ च्या सुमारास विजेच्या दिव्यांसाठी वनस्पतिजन्य धागे हवेविना तापवून त्यांचे कार्बनीकरण केले. एडिसन यांनी पुढे जपानी बांबूच्या कांब्याही वापरल्या. हे तंतू ठिसूळ होते आणि टंगस्टनाची तार प्रचारात आल्यावर ते मागे पडले.

या विषयाकडे पुन्हा लक्ष वळले ते रॉकेटांच्या युगात. १९५८ मध्ये अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या ओहायओ राज्यातील पार्मा येथील प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना उच्च दाबाखालील विद्युत् प्रज्योतीत ग्रॅफाइटाचे अतिसूक्ष्म केसर मिळाले. त्यांचे ताणबल सु. २० गिगॅपास्कल, म्हणजे सामान्य पोलादाच्या कित्येक पट होते. ही पद्धत उत्पादनयोग्य नव्हती. परंतु कार्बनाच्या स्तरांची मांडणी तंतूच्या अक्षाला समांतर झाल्यास केवढे बळ मिळू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

त्याच सुमारास रेयॉनपासून केलेले कार्बनी कापड बाजारात आले. ते करण्याची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रथम रेयॉनाचे कापड नेहमीच्या मागावर विणीत आणि मग ते संपूर्ण कापड अक्रिय वायूत तापवून त्याचे कार्बनीकरण करीत. या क्रमामुळे ठिसूळ कार्बन तंतू मागावर चढविण्याची अडचण उद्भवत नसे. असे कापड बळाने बेताचे असले, तरी अतिशय उच्च तापमानात टिकून राही व उष्णतेचे वहन कमी करी. त्यामुळे रॉकेटाच्या प्रोथाच्या (नोझलच्या) अस्तरासाठी ते फार उपयुक्त ठरले. १९६० नंतरच्या दशकात रेयॉनाचे तंतू उच्च तापमानात ताणून अधिक बळकट करण्यात यश आले. परंतु ही प्रक्रिया महाग होती आणि तीत मूळ वजनाच्या सु. पाव हिस्साच कार्बन हाती येई.

नवे कच्चे द्रव्य : जपानमधील ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत आकिओ शिंदो यांनी १९५९–६१ या काळात पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम तंतूपासून कार्बन तंतू मिळविले. १९६३–६४ मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या संस्थेत विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स व डब्ल्यू. जॉन्सन यांनी या प्रक्रियेत महत्त्वाची सुधारणा केली. हा तंतू हवेत २००° ते ३००° से. तापमानास तापविताना तो आखडू न देता ताणून धरला, तर त्याच्या रेणूंची समांतर मांडणी टिकून राहते, असे त्यांना आढळले. त्यानंतर नायट्रोजनात सु. १,०००° ते १,५००° से. पर्यंत तापविल्यास उच्च बलाचा आणि २,०००° से. च्या वर तापविल्यास अधिक ताठर तंतू मिळतो. मूळ वजनाच्या सु. निम्मा कार्बन हाती येत असल्याने ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. जपानमधील तोरे कंपनीने १९७१ मध्ये या तंतूंचे व्यापारी उत्पादन सुरू केले. त्यांचा आरंभीचा मोठा खप मासेमारीच्या काठ्या व गोल्फच्या दांड्या यांसाठी झाला.

तिसरे कच्चे द्रव्य म्हणजे खनिज तेल वा दगडी कोळसा यांपासून मिळणारे डांबरासारखे पिच होय. सुगिओ ओतानी यांनी जपानमध्ये १९६० नंतर आणि लेनर्ड सिंगर यांनी अमेरिकेत १९७० च्या सुमारास या दिशेने मूलभूत काम केले. पिचपासून मिळणाऱ्या काही तंतूंची उष्णतासंवाहकता तांब्याहून अधिक आणि ताठरपणा फार मोठा असतो. मात्र ते लवकर तुटतात. कृत्रिम उपग्रहांच्या सांगाड्यांसाठी ते निवडले जातात, कारण तेथे तापमान बदलले तरी आकार बदलता कामा नये, ही मुख्य अट असते.

पंख्याच्या पात्यांचा प्रयोग : फार्नबरो येथील शोधाचा सर्वांत धाडसी उपयोग रोल्स-रॉइस या ब्रिटिश कंपनीने योजला. लॉकहीड कंपनीच्या ट्रायस्टार विमानासाठी १९६८ मध्ये मान्य झालेल्या आरबी-२११ या एंजिनाच्या पुढील मोठ्या पंख्याची पाती ‘हायफिल’ नावाच्या कार्बन संमिश्र पदार्थाची करावयाचे ठरले. टिटॅनियमाच्या मानाने वजनात मोठी बचत होणार होती. फिरताना पात्यावर येणारा केंद्रोत्सारी ताण लांबीच्या दिशेने असतो आणि या दिशेने कार्बन तंतू उत्तम काम करतात. ती अपेक्षा खरी ठरली. परंतु विमानाच्या एंजिनात पक्षी शिरण्याचा धोका नेहमीच असतो व त्याची चाचणी आवश्यक असते. १९७० मध्ये घेतलेल्या अशा चाचणीत पाती फुटली. आघात आडव्या दिशेने आला होता. आणि त्या दिशेने थरांना एकत्र धरून ठेवणारे केवळ ठिसूळ रेझीन होते.

पाती टिटॅनियमाची करावी लागली. एंजिनाच्या विकासाचा एकंदर खर्च अपेक्षेच्या फार पलीकडे गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीचा कारभार रिसीव्हरच्या हाती गेला. ब्रिटिश सरकारने तिचा विमान-एंजिन विभाग ताब्यात घेतला. पात्यांचे अपयश हे या आर्थिक संकटाचे एकमेव कारण नव्हते. तरी तंत्रज्ञांनी त्यापासून कायमचा धडा घेतला : नेहमीचा मुख्य भार ज्या दिशेने येतो ती दिशा पाहणे पुरेसे नाही; क्वचितच, पण निश्चितपणे येणारा भार कोणत्या दिशेने येईल, तेही आधी विचारले पाहिजे.

जुडी आणि वजन : कार्बन तंतू एकेकटे न वापरता त्यांची जुडी (टो) वापरतात. जुडीतील तंतूंची संख्या हजारांत सांगण्याची रीत असून ‘३ के’ म्हणजे ३,००० तंतूंची व ‘१२ के’ म्हणजे १२,००० तंतूंची जुडी होय. लहान जुडीचे कापड पातळ, सफाईदार व महाग असते. ‘२४ के’ अथवा ‘५० के’ अशा मोठ्या जुड्या स्वस्त पडतात व जाड भाग लवकर तयार होतो. म्हणून पवनचक्कीच्या लांब पात्यांसारख्या कामांत त्यांना पसंती मिळाली.

कापडाचे वजन दर चौरस मीटरास ग्रॅममध्ये सांगतात आणि ते पडताळून पाहणे सोपे असते. उदा., ‘३ के’ जुडीचे वजन दर मीटरास सु. ०·२ ग्रॅ. असते. उभ्या व आडव्या दोन्ही दिशांनी दर सेंमी.ला पाच जुड्या असतील, तर एका चौ. मी. मध्ये प्रत्येक दिशेने ५००, म्हणजे एकूण १,००० मी. लांबीची जुडी येते आणि कापडाचे वजन सु. २०० ग्रॅ. भरते. सर्वाधिक प्रचारातील कापड याच वजनाचे असून त्याचा रेझीनयुक्त थर पाव मिमी.च्या आसपास जाडीचा होतो. यावरून अपेक्षित जाडीसाठी किती थर लागतील, याचा अंदाज करता येतो.

विणीचे प्रकार : ‘आधी विणणे, मग कार्बनीकरण’ हा रेयॉनाच्या काळातील क्रम नव्या तंतूंच्या बाबतीत उलटा झाला. तयार कार्बन जुड्याच आता मागावर चढवाव्या लागल्या व तीक्ष्ण वळणावर त्या तुटू लागल्या. त्यामुळे वस्त्रविद्येतील परिचित विणींचा नव्या दृष्टीने विचार करावा लागला.

साध्या विणीत प्रत्येक जुडी एकीच्या वरून व दुसरीच्या खालून जाते. कापड घट्ट राहते, कापताना उसवत नाही. परंतु प्रत्येक जुडीला वारंवार लहर येते आणि लहरीमुळे, विशेषतः दाबाखाली, बळ घटते. साच्याच्या खोलगट भागावर हे कापड नीट बसत नाही. सपाट पत्रे व सौम्य वक्रता यांसाठी ते योग्य असते.

ट्विल विणीत जुडी बहुधा दोहोंच्या वरून व दोहोंच्या खालून जाते व पृष्ठभागावर तिरप्या रेषा दिसतात. लहरी कमी झाल्याने कापड अधिक लवचिक बनते. मोटारगाड्यांचे भाग व दर्शनी वस्तू यांत तिचाच प्रसार झाला आहे.

सॅटिन विणीत जुडी चार अथवा सात जुड्यांवरून तरंगत जाऊन एकीखालून जाते. ती दुहेरी वक्रतेवरही सुरकुती न पडता बसते व तीत लहरी फारच थोड्या असतात. म्हणून विमानांच्या गुंतागुंतीच्या भागांसाठी ती रूढ झाली. तिची एक खोड मात्र सांभाळावी लागते. कापडाच्या एका बाजूस उभ्या जुड्या अधिक व दुसऱ्या बाजूस आडव्या अधिक दिसतात. थर रचताना मध्यापासून दोन्हीकडे सममिती राखली नाही, तर साच्यातून निघालेली वस्तू वाकडी होते.

दिशेचा हिशोब : सर्व जुड्या एकाच दिशेने ठेवलेल्या एकदिश कापडात लहर नसते व तंतूचे बळ पूर्णपणे वापरता येते; अर्थात ते एकाच दिशेने. प्रचलित ‘टी-३००’ प्रकारच्या तंतूचे ताणबल सु. ३,५३० मेगॅपास्कल, स्थितिस्थापकता गुणांक सु. २३० गिगॅपास्कल व घनता १·७६ आहे. संमिश्र पदार्थात आकारमानाने ६० टक्के तंतू असल्यास एकदिश थराचा गुणांक तंतूंच्या दिशेने सु. १३८ गिगॅपास्कल येतो. परंतु आडव्या दिशेने तो दहाच्या आतच राहतो. दोन्ही दिशांनी सारखे विणलेले कापड घेतल्यास गुणांक प्रत्येक दिशेने सु. ५५ ते ६५ भरतो. थर ०°, ४५° व ९०° अशा सर्व दिशांनी सारखे वाटले, तर तो पन्नाशीच्या आसपास येतो. ॲल्युमिनियमाचा गुणांक सु. ७० आहे. याचा अर्थ असा की, धातूप्रमाणे सर्व दिशांना सारखे वागणारे कार्बन संमिश्र केले, तर तेवढ्याच जाडीत ते ॲल्युमिनियमाहून कमी ताठर निघते. फायदा उरतो तो हलकेपणाचा. कार्बन कापडाचा खरा लाभ भाराची दिशा ओळखून तंतू त्याच दिशेने मांडणाऱ्यालाच मिळतो.

याच कारणाने पिळवटणारा भार असलेल्या नळीत तंतू ±४५° दिशेने, तर वाकणाऱ्या तुळईत ते लांबीच्या दिशेने ठेवतात. तंतूच्या प्रतीची निवडही अशीच करावी लागते. ‘टी-७००’ वर्गाच्या तंतूचा गुणांक ‘टी-३००’ इतकाच, पण ताणबल सु. ४,९०० मेगॅपास्कल असते आणि तुटण्यापूर्वी तो सु. दोन टक्के लांबतो. ‘एम-४०जे’ हा तंतू सु. ३७७ गिगॅपास्कल गुणांकाचा असून सु. १·२ टक्के लांबल्यावरच तुटतो. ज्या वस्तूला आघात सोसावयाचा आहे तिच्यासाठी केवळ अधिक ताठर म्हणून दुसरा तंतू घेणे ही चूक ठरते.

नवे प्रकार : विणलेल्या कापडातील लहर टाळावी आणि एकदिश कापडाचे थर एकेक करून रचण्याचे श्रमही वाचावे, या हेतूने निरनिराळ्या दिशांचे न विणलेले थर बारीक दोऱ्याने एकत्र शिवलेले बहुदिश कापड तयार झाले. २००७ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३८० या विमानाच्या शेपटीकडील दाबरोधक भिंतीसाठी असे कापड वापरलेले आहे. दुसऱ्या एका प्रकारात जुडी पसरवून तिची पातळ व रुंद फीत करतात आणि या फितींचे कापड विणतात. त्यामुळे मोठ्या जुडीपासूनही चौ. मी.ला १०० ग्रॅ.हून हलके कापड मिळते.

थर एकमेकांपासून सुटण्याची उणीव, म्हणजे १९७० च्या पात्यांचीच उणीव, दूर होण्यास अधिक काळ लागला. १९९५ मध्ये सेवेत आलेल्या जीई-९० या एंजिनात कार्बन पात्यांचा पंखा यशस्वी झाला. त्यासाठी अधिक चिवट रेझीन वापरण्यात आले व पात्याच्या पुढील कडेला टिटॅनियमाचे आवरण देण्यात आले. २०१६ मध्ये प्रवासी सेवेत दाखल झालेल्या लीप एंजिनाच्या पात्यांत तंतू लांबी व रुंदीबरोबरच जाडीच्या दिशेनेही विणलेले आहेत. अशा त्रिमितीय विणीत थरच वेगळे नसल्याने ते सहजासहजी सुटत नाहीत. फार्नबरोच्या शोधानंतर सु. अर्धशतकाने पात्याला साजेशी वीण मिळाली.

उष्णतेतील उपयोग : कापडातील रेझिनाचेही कार्बनीकरण केले म्हणजे ‘कार्बन-कार्बन’ संमिश्र मिळते. अमेरिकी अवकाशयानाच्या (स्पेस शटलच्या) नाकाचे टोक व पंखांच्या पुढील कडा रेयॉनजन्य कार्बनी कापडाच्या अशा संमिश्राच्या केलेल्या होत्या. वातावरणात परतताना होणारी उष्णता त्यांनी अनेक उड्डाणांत सोसली. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या उड्डाणानंतर सु. ८२ सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरील फेसाचा सु. पाऊण किग्रॅ. वजनाचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारी रोजी परतताना त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले, यान नष्ट झाले आणि मूळच्या हरयाणातील कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. पुढे त्याच वर्षी घेतलेल्या चाचणीत तशा फेसाच्या आघाताने कडेच्या फलकाला सु. ४० सेंमी.चे भोक पडले. उष्णतेसाठी केलेली निवड अचूक होती. आघाताचा विचार मात्र अपुरा राहिला होता.

भारतात अग्नी क्षेपणास्त्राच्या २२ मे १९८९ रोजीच्या पहिल्या चाचणीत उष्णतारोधक कवचासाठी कार्बन-कार्बन संमिश्र वापरले गेले. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या तेजस या लढाऊ विमानाच्या सांगाड्याच्या वजनाचा सु. ४५ टक्के भाग कार्बन संमिश्रांचा आहे. बंगलोर येथील नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेने कार्बन तंतू तयार करण्याची देशी प्रक्रियाही विकसित केली. अनेक देश उच्च प्रतीच्या तंतूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवीत असल्याने तिला विशेष महत्त्व आहे.

बांधकामातील उपयोग : १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्नजवळील ईबाख पुलाच्या दुरुस्तीसाठी १७५ किग्रॅ. पोलादाऐवजी ६·२ किग्रॅ. कार्बन संमिश्राच्या पट्ट्या चिकटविण्यात आल्या. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर खांबांना कार्बन कापड गुंडाळण्याची पद्धत झपाट्याने पसरली. भाराखाली काँक्रीटचा खांब आडवा फुगू पाहतो. म्हणून येथे एकदिश कापडाचे तंतू खांबाभोवती परिघाच्या दिशेने यावे लागतात. तुळईच्या खालच्या अंगास मात्र ते लांबीच्या दिशेने लावतात. आकर्षक दिसणारे ट्विल कापड या कामात अनाठायी असते, कारण त्यातील निम्मे तंतू भाराच्या आड दिशेने राहतात.

मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात खाऱ्या हवेने सळ्या गंजून तडकलेल्या इमारतींसाठीही हा उपाय योजला जातो. तेथे गंज काढून, काँक्रीट दुरुस्त करून व खांबाचे कोपरे गोल करून मगच कापड लावले पाहिजे. गंजलेल्या सळीवर घातलेले आवरण दोष झाकते, थांबवीत नाही. साधी एपॉक्सी रेझिने शंभर अंश सेल्सिअसच्या आतच मऊ पडू लागतात, त्यामुळे आगीपासून संरक्षणाची वेगळी तजवीज लागते.

निवडीचा क्रम : वरील इतिहासावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम वस्तूवर येणारे सर्व भार, त्यांच्या दिशा व अपवादात्मक आघात यांची नोंद करावी. त्यावरून तंतूंच्या दिशा व तंतूची प्रत ठरवावी. नंतर साच्याच्या आकारास अनुरूप वीण व आवश्यक जाडीनुसार जुडी आणि वजन निवडावे. तंतूंवरील लेप वापरावयाच्या रेझिनाशी जुळतो की नाही, ते पाहावे. रेझीन आधीच भरलेले कापड घेतल्यास ते शीतगृहात साठविण्याची व भट्टीत तापविण्याची सोय असली पाहिजे. कार्बन विद्युत् संवाहक असल्याने ओलाव्यात त्याच्याशी थेट संपर्कात आलेले ॲल्युमिनियम झिजते. म्हणून दोहोंमध्ये काचतंतूंचा थर घालावा. दिसण्याचा व किमतीचा विचार यानंतर करावा. अखेरीस, निवडलेल्या कापडाचा नमुना त्याच रेझिनात व त्याच पद्धतीने तयार करून तो सर्वांत दुर्बल दिशेने तपासावा. कारण आजवरची मोठी अपयशे त्या दिशेनेच आलेली आहेत.